वेबसाइटवर चढवलेली फाईल जाते कुठे? ग्रामपंचायतीच्या साइटपासून शासन निर्णयापर्यंत, जाणून घ्या सविस्तर

छत्रपती संभाजीनगर : सातबारा, बँकेचं पासबुक, पिकाचा फोटो, ग्रामसभेचा ठराव. गावातला माणूस आता वर्षातून चार-सहा वेळा तरी कुठल्या ना कुठल्या साइटवर कागद चढवतो. बटण दाबलं, हिरवी खूण आली की काम झालं असं समजून मोबाईल खिशात जातो. पण ती फाईल कुठंतरी जाऊन बसलेली असते. ती कुठं बसली, कुणाला दिसते, किती दिवस राहते आणि एक दिवस अचानक "पान सापडले नाही" असं का येतं, हे माहीत असलं तर बरेच हेलपाटे वाचतात. कधी कधी फसवणूकही टळते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. त्यानंतर पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोडसारख्या तालुक्यांतही गावाची स्वतःची वेबसाइट हा विषय सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या बोलण्यात यायला लागला. म्हणून हे समजून घेण्याची गरज आता फक्त सेतू केंद्रवाल्यांची राहिलेली नाही.

नोंदवही वेगळी, गठ्ठा वेगळा

ज्या साइटवर रोज नवीन बातमी, सूचना, फोटो टाकता येतात ती साइट बहुतेक वेळा एका तयार सॉफ्टवेअरवर चालते. त्याला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे सीएमएस म्हणतात. यातलं सर्वात जास्त वापरलं जाणारं वर्डप्रेस. ते २००३ मध्ये आलं आणि फुकट आहे. जिल्ह्याजिल्ह्यातली छोटी न्यूज पोर्टल, शाळा-कॉलेजच्या साइट, पतसंस्थांच्या साइट यातल्या कितीतरी त्याच्यावरच उभ्या आहेत.

तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलेल्या माणसाला याचं काम लगेच कळेल. तिथं एक नोंदवही असते आणि कपाटात कापडात बांधलेले गठ्ठे असतात. नोंदवहीत लिहिलेलं असतं की अमुक गावाचा अमुक कागद अमुक कपाटात, अमुक गठ्ठ्यात आहे. कागद नोंदवहीत नसतो, तो गठ्ठ्यात असतो. सीएमएसचं अगदी तसंच. डेटाबेस ही नोंदवही. त्यात फाईलचं नाव, तारीख, कुणी चढवली, कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली एवढंच असतं. खरी फाईल सर्व्हरच्या डिस्कवर एका फोल्डरमध्ये पडलेली असते.

वर्डप्रेसमध्ये या फोल्डरचं नाव अपलोड्स. त्यात वर्षाचा फोल्डर, वर्षाच्या आत महिन्याचा. जून २०२४ मध्ये चढवलेला फोटो २०२४ च्या आत ०६ मध्ये सापडतो. कुठल्याही फोटोवर बोट दाबून धरून त्याची लिंक कॉपी केली की हे वर्ष-महिन्याचे आकडे त्यात दिसतात. एखादा "आजचा" म्हणून फिरणारा फोटो साइटवर खरं कधी चढला होता, हे त्यावरून बऱ्याचदा कळून येतं. नुकसानीचे जुने फोटो नवीन म्हणून फिरवणाऱ्यांसाठी ही साधी कसोटी आहे.

नोंदवही आणि गठ्ठा वेगळे असल्यानं दोन प्रकारे घोळ होतो. नोंद आहे पण गठ्ठ्यात कागद नाही, मग लिंक दिसते आणि दाबली की काहीच उघडत नाही. किंवा कागद आहे पण नोंद नाही, मग फाईल डिस्कवर पडून असते आणि साइटवर शोधून सापडत नाही. वर्डप्रेसमध्ये बातमी डिलीट केली तरी तिच्यातला फोटो आपोआप डिलीट होत नाही, तो मीडिया लायब्ररीतून वेगळा काढावा लागतो. "आम्ही ती पोस्ट काढून टाकली" असं कुणी सांगितलं तरी फोटोची जुनी लिंक उघडून बघावी.

एक फोटो, सहा-सात फाईल

मोबाईलचा फोटो सहज तीन ते पाच एमबीचा असतो. वर्डप्रेसवर तो चढवला की साइट त्याच्या लहान-मोठ्या प्रती बनवते. १५० पिक्सेलची चौकोनी, ३०० ची, ७६८ ची, १०२४ ची, आणि २०१९ पासून १५३६ व २०४८ ची सुद्धा. मूळ फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर त्याची तेवढी छोटी केलेली प्रतही वेगळी निघते. कारण सरळ आहे. सोयगावच्या डोंगरात एक दांडी नेटवर्कवर बातमी उघडणाऱ्याला छोटी प्रत द्यायची, शहरात मोठ्या स्क्रीनवर बघणाऱ्याला मोठी. पण एका फोटोच्या सहा-सात फाईल झाल्यानं जागा भराभर संपते. ग्रामपंचायतीनं स्वस्तातलं होस्टिंग घेतलं आणि प्रत्येक कार्यक्रमाचे चाळीस फोटो टाकले, तर वर्ष-दीड वर्षात "जागा शिल्लक नाही" हा निरोप ठरलेला. चार फोटो टाका, नीट टाका.

फाईल चढतच नाही, याचं कारणही बहुतेक वेळा असंच साधं असतं. अशा साइट ज्या पीएचपी नावाच्या भाषेवर चालतात तिच्यात मुळात एका फाईलला २ एमबीची मर्यादा घातलेली असते. साइट बनवणाऱ्यानं ती वाढवली नाही तर मोबाईलचा फोटो सरळ नाकारला जातो. सरकारी पोर्टलवर मर्यादा याहून कडक. आपले सरकार पोर्टलवर दाखल्यांसाठी जोडायचा कागद ७५ केबी ते ५०० केबीच्या दरम्यान लागतो. १ एमबी म्हणजे १०२४ केबी, म्हणजे मोबाईलचा मूळ फोटो तिथं सात-आठ पटीनं मोठा पडतो. वरची मर्यादा का, हे लोकांना कळतं. खालची का, हे कळत नाही. फार लहान केलेल्या फाईलमध्ये अक्षर फुटतं, तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला गट नंबर वाचता येत नाही आणि अर्ज त्रुटीत निघतो. म्हणून कागद उजेडात सपाट ठेवून काढावा, आजूबाजूची गोधडी-सतरंजी कापून टाकावी, आणि मग आकार कमी करावा. नुसता आकार कमी केला आणि अर्धा फोटो गोधडीचाच राहिला तर उपयोग नाही.

नावात काय आहे? सगळं नावातच आहे

फाईलचं नाव ही गोष्ट गावात कुणी मनावर घेत नाही. डॉक्युमेंट १, नवीन, नवीन फायनल, स्कॅन ००२ अशी नावं देऊन फाईल चढवल्या जातात. एकाच नावाची दुसरी फाईल आली तर वर्डप्रेस नावापुढं १, २ असा आकडा लावून तिला वेगळी करतं. काही साध्या साइटमध्ये तर जुन्यावर नवीन बसते आणि जुनी कायमची जाते. ग्रामसभेचा मागचा ठराव असा पुसला गेला तर तो परत आणायचा कुठून?

मराठीत नाव द्यायला हरकत नाही, पण त्याचा एक परिणाम होतो. इंटरनेटच्या पत्त्यात देवनागरी अक्षर सरळ जात नाही. एका अक्षरचिन्हाचे तीन भाग होतात आणि प्रत्येक भाग टक्केचिन्ह लावून लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाच्या जागी नऊ खुणा. काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळं चिन्ह धरलं जातं. वीस चिन्हांचं नाव असेल तर १८० खुणांची लांबलचक माळ तयार होते. व्हॉट्सॲपवर अशी लिंक मध्येच तुटते आणि मग ग्रुपवर सुरू होतं, "लिंक चालत नाही". मोकळ्या जागेचंही तसंच. फाईलच्या नावात दोन शब्दांमध्ये जागा सोडली की पत्त्यात तिथं %२० येतं. ते नसेल तर लिंक अर्धीच निळी होते, उरलेली काळी राहते. अर्धी निळी लिंक दिसली की समजावं, पूर्ण पत्ता कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकावा लागणार.

नाव कसं असावं याचा चांगला नमुना आपल्या रोजच्या बघण्यातलाच आहे, फक्त लक्ष जात नाही. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या म्हणजे जीआरच्या शेवटी एक ओळ असते. त्यात लिहिलेलं असतं की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो संकेतांक म्हणजे अठरा आकड्यांची माळ. ती वाचता येते. पहिले चार आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, पुढचे दोन तारीख. त्यानंतर वेळ येते. शेवटचे दोन आकडे विभागाचे. कृषी विभागाच्या जीआरचा संकेतांक ०१ ने संपतो, महसूलचा १९ ने, ग्रामविकासचा २० ने. वेळ सेकंदापर्यंत धरलेली असल्यानं दोन जीआरची नावं एकसारखी होण्याची धास्ती राहत नाही. फाईल चढते तीही याच आकड्याच्या नावानं, शासन निर्णयांच्या फोल्डरमध्ये, मराठीच्या कप्प्यात.

याचा शेतकऱ्याला थेट फायदा आहे. अनुदान, कर्जमाफी, नुकसानभरपाई यांचे खोटे जीआर व्हॉट्सॲपवर फिरत असतात. आलेल्या पीडीएफचा संकेतांक बघायचा. त्यातली तारीख आणि कागदावर वर छापलेली तारीख यांचा मेळ बसतो का ते पाहायचं. कधी निर्णय एक दिवशी होतो आणि चढतो दुसऱ्या दिवशी, त्यामुळं थोडा फरक चालतो. पण कृषी विभागाचा जीआर म्हणून आलेला कागद दुसऱ्याच विभागाच्या आकड्यानं संपत असेल तर शंका घ्यावी. आणि खात्रीच करायची असेल तर शासन निर्णयाच्या साइटवर संकेतांकाच्या रकान्यात तो आकडा टाकून शोध घ्यावा. निर्णय खरा असेल तर फाईल तिथं असते. कागदावरचा शिक्का कुणीही संगणकावर चिकटवू शकतो, सरकारी सर्व्हरवर मात्र फाईल ठेवता येत नाही.

सरकारी फाईल बसते कुठं

जिल्ह्यांच्या सरकारी साइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या एका सामायिक यंत्रणेवर चालतात. तिचं नाव एस-थ्री-वास. सेक्युअर, स्केलेबल आणि सुगम्य या तीन शब्दांचा हा एस. जिल्हा वेगळा, साइटचा पत्ता वेगळा, पण सूचना, निविदा, भरतीच्या याद्या अशा पीडीएफ एका वेगळ्या सामायिक जागेवर ठेवलेल्या असतात आणि साइट फक्त तिकडे बोट दाखवते. म्हणून जिल्ह्याच्या साइटवरची पीडीएफ उघडली की वरचा पत्ता एकदम बदललेला दिसतो. त्याला घाबरायचं कारण नाही, पत्त्याचा शेवट गव्ह डॉट इन असा आहे ना एवढं बघावं. त्या पत्त्यातही अपलोड्स, मग वर्ष, मग महिना हीच उतरंड असते. एनआयसीची राष्ट्रीय डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वरला आहेत.

फाईल वेगळ्या जागी ठेवण्याचा फायदा आपल्या जिल्ह्याला चांगला समजेल. २०२३ मध्ये औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. फेब्रुवारीत केंद्राची मंजुरी आली, सप्टेंबरमध्ये जिल्हा, उपविभाग, तालुका यांच्या नावांची अधिसूचना निघाली. पाट्या बदलणं सोपं. पण ज्या संस्थेच्या साइटच्या पत्त्यातच जुनं नाव असेल आणि तिनं पत्ता बदलला, तिची मोठी अडचण होते. कारण वर्डप्रेससारख्या सीएमएसमध्ये बातमीत टाकलेल्या फोटोचा पूर्ण पत्ता, साइटच्या नावासकट, डेटाबेसमध्ये लिहिला जातो. पत्ता बदलला की जुन्या हजारो नोंदींमधलं नाव बदलून घ्यावं लागतं, आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नवीन पत्त्याकडे वळवावं लागतं. हे केलं नाही तर नवीन साइट छान दिसते आणि जुने सगळे फोटो रिकाम्या चौकटी होतात. जुना डोमेन दरवर्षी पैसे भरून चालू ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं. तो सोडून दिला तर दुसरा कुणीही विकत घेऊ शकतो, आणि आपल्या जुन्या लिंकवर त्याला वाटेल ते दाखवू शकतो.

आधार कार्ड अपलोड्समध्ये? थांबा

सर्वात धोक्याची गोष्ट आता. अपलोड्स फोल्डरमधली फाईल सहसा जगाला उघडी असते. तिला पासवर्ड नसतो. साइटवर कुठं लिंक दिली नसली तरी ज्याला पत्ता माहीत आहे किंवा अंदाजानं सापडला, तो ती उघडू शकतो. गुगल अशा फाईल वाचून ठेवतो. जाहीर सूचना उघडी असायलाच पाहिजे. पण घरकुलाच्या अर्जासोबत आलेलं आधार, पासबुक, जातीचा दाखला त्याच फोल्डरमध्ये ठेवला, तर गावातल्या माणसाची सगळी ओळख उघड्यावर पडते.

ही नुसती भीती नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारनंच मान्य केलं होतं की केंद्र आणि राज्यांच्या विभागांच्या, तसंच काही शिक्षण संस्थांच्या मिळून सुमारे २१० साइटवर लाभार्थ्यांच्या याद्या नाव, पत्ता आणि आधार क्रमांकासह उघड दिसत होत्या. कुणी चोरी केली नव्हती. कर्मचाऱ्यानं एक्सेलची यादी होती तशी चढवली होती, एवढंच.

म्हणून ग्रामपंचायतीनं लाभार्थी यादी चढवताना आधार आणि खाते क्रमांकाचा रकाना काढून टाकावा. नुसता लपवून चालत नाही, एक्सेलमध्ये लपवलेला रकाना कुणीही परत उघडतो. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालचे आकडे कित्येकदा कॉपी होतात. गावकऱ्यांनी आधारची प्रत देताना जिथं चालत असेल तिथं मास्क्ड आधार द्यावं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड करता येतं. आधारबाबत तक्रारीसाठी १९४७ हा नंबर आहे. गावाच्या साइटवर "अर्ज येथे अपलोड करा" असं खिडकीवजा बटण असेल तर सरपंचांनी साइटवाल्याला एकच प्रश्न विचारावा : या फाईल उघड्या फोल्डरमध्ये जातात की बंद? उत्तर देताना तो अडखळला तर ते बटण बंद ठेवलेलं बरं.

या बटणातून उलटा धोकाही असतो. फोटो म्हणून कुणी प्रोग्रामची फाईल चढवली आणि सर्व्हरनं ती चालवली, तर पूर्ण साइट परक्याच्या ताब्यात जाते. जेपीजी, पीएनजी, पीडीएफ सोडून दुसरं काही घेऊच नये.

बॅकअप कुणाकडे?

गावाची साइट बहुतेक वेळा शहरातला एखादा तरुण बनवून देतो. डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या खात्यात, पासवर्ड त्याच्या मोबाईलवर. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे वेळेत गेले नाहीत की साइट बंद. काही दिवसांत डिस्क पुसली जाते आणि चढवलेले ठराव, फोटो, याद्या सगळं जातं. बॅकअप घ्यायचा म्हणजे नोंदवही आणि गठ्ठे दोन्ही घ्यायचे, डेटाबेस आणि अपलोड्स फोल्डर. एकच घेतला तर अर्धंच परत उभं राहतं. महिन्यातून एकदा दोन्हीची प्रत पंचायतीच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावी. डोमेन पंचायतीच्या ईमेलवर नोंदवावा आणि पासवर्ड दप्तरात बंद पाकिटात असावा, म्हणजे अधिकाऱ्याची बदली झाली तरी अडत नाही.

गावकऱ्यांनीही मूळ कागद आणि मूळ फोटो जपावेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्याच्या आत दडलेली जागेची व वेळेची नोंद निघून जाते. पाण्यात बुडालेल्या कपाशीचा फोटो पुरावा म्हणून द्यायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, आणि मूळ मोबाईलमधून डिलीट करू नये.

लिंक मेली तर

सरकारी साइटवरची जुनी यादी किंवा सूचना उघडत नसेल तर दोन रस्ते आहेत. पहिला वेबॅक मशीन. इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून जगभरच्या साइटच्या प्रती साठवते आणि २००१ पासून त्या सगळ्यांना फुकट बघता येतात. तिथं मेलेली लिंक टाकली तर नशिबानं त्या तारखेची प्रत निघते. प्रत्येक पीडीएफ निघेलच असं नाही.

दुसरा रस्ता माहिती अधिकाराचा. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार कार्यालयांनी बरीच माहिती मागण्याआधीच स्वतःहून जाहीर करायची असते. अर्जाला १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "यादी मिळावी" एवढंच न लिहिता फाईलची पूर्ण लिंक, ती आधी कधी पाहिली ती तारीख, आणि जीआर असेल तर त्याचा संकेतांक लिहावा. लिंकमधलं वर्ष आणि महिना बघून कर्मचाऱ्यालाही शोधायला सोपं जातं, आणि "अशी कुठलीही यादी प्रसिद्ध केलेली नाही" असं उत्तर द्यायला जागा उरत नाही.